आरशावरचं यरीहो

अरे, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! इथे आखातात, अल नस्र भागात केस कापायला गेलो होतो. पॅलेस्टिनी न्हावीकाका, एकदम हसरे. इथे आपण सगळ्यांनाच विचारतो तसं विचारलं, "काका, सुट्टीत गावी कधी जाणार?"

कात्री थांबली. दाढीचा फेस बोटावर घेऊन ते आरशावर काढत गेले. "हे यरीहो, आमचं गाव. ही बायबलमधली कोसळलेली भिंत, हा झरा, हे आमचं घर."

"शेवटचं कधी गेला होतात?"

"कधीच नाही, हबीबी. जन्म इथला, तिकडे जायला कागद नाहीत. वडील असंच काढून दाखवायचे. तू जाऊ शकतोस. गेलास तर झऱ्याचं पाणी पिऊन बघ. वडील म्हणायचे, गोड आहे."

मग टॉवेलने सगळं पुसलं. "यल्ला, चल, मान खाली."

बरं झालं. आरशात त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तुम्हीही असं सहज काही विचारून बसलायत का कधी?