मांडीवरचा डाग

दिवाळीत पाय चेपून देताना तू विचारलंस, आजी, हा डाग कशाचा? मी म्हटलं, चहा सांडला. तुझा भाऊ हसला, आजीच्या हातून चहा सांडणं शक्यच नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तुम्ही परत गेलात आणि ते उत्तर मला टोचत राहिलं.

माझ्या यकृतातली गाठ अकोल्याच्या दवाखान्यात जाळली, हे तुम्हाला माहीत आहे. पोट न फाडता सुई आत घालतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ मारतात. विजेला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून मांड्यांवर चिकटपट्ट्या लावतात. तिथे नवी पद्धत आली होती. एकाऐवजी तीन सुया, म्हणजे मोठी गाठही एका वेळी संपते. पण वीज जास्त, त्यामुळे पट्ट्या घट्ट बसायला हव्यात. हे मी इंग्रजी पत्रकात वाचलं होतं, डॉक्टरांना इंग्रजीतच प्रश्नही विचारले होते.

आदल्या संध्याकाळी सिस्टर सांगून गेली, "आजी, उद्या आंघोळ झाल्यावर पायाले तेल लावू नका. पट्टी धरत नाही."

पत्रकात तेलाचा उल्लेख नव्हता. मी नुसती मान हलवली. सकाळी पाय कोरडे, पांढरट दिसले. असे पाय परक्यांपुढे उघडे करायचे? मी खोबरेल चोळलं, टॉवेलने पुसलं आणि पुरे झालं असं ठरवलं.

भूल उतरल्यावर कळलं, गाठ पूर्ण जळली होती. उजव्या मांडीवर पट्टीच्या कडेलाही भाजलं होतं. डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं, कातडी साफ केली होती का. तिने दोनदा पुसल्याचं सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, तेल लावलं होतं का. मी इंग्रजीत म्हटलं, नाही. अजिबात नाही.

त्या मशीनवर काम शिकणारी ही सिस्टर एकटीच होती. दुसऱ्या दिवसापासून तिला मशीनवरून काढून वॉर्डात पाठवलं. माझी मलमपट्टी तीच करायची, हलक्या हाताने. चार दिवस मी छताकडे बघत पडून राहिले.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले, तेव्हा तिला बोलावून घ्यायला लावलं आणि डॉक्टरांना तिच्यासमोर मराठीत खरं सांगितलं. पत्रकात तेलाचं लिहायला हवं, ते म्हणाले. तिला परत मशीनवर घ्याल का, मी विचारलं. तिथे आता दुसरी सिस्टर तयार झाली होती.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, मी तेल लावलंय हे तुला कळलं नव्हतं का?

"वास येत होता ना, आजी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सायबासंगं इंग्रजीत बोलून राहिल्या होत्या. मायं कोनं आयकलं असतं?"

हे ती रागाने म्हणाली नाही. मला रिक्षापर्यंत सोडलं, पायरी उंच आहे म्हणून कोपराला धरलं, आणि वॉर्डात परत गेली.