ग्लिसरीनची बाटली

थंडीत माझ्या बोटांना भेगा पडतात आणि गोधडीचा धागा त्यांत अडकतो. काल घनसावंगीहून ग्लिसरीन आणलं. बोटांवर चोळलं, तर तो चिकटपणा मला थेट शाहीनआपांच्या ओट्यावर घेऊन गेला.

मालिका सोडून मी तेव्हा नुकतीच तीर्थपुरीला मावशीकडे आले होते. मालिकेतली मी सोशिक सून, रोज रडायची. गोधडी शिकायला म्हणून शाहीनआपांकडे गेले, तर गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या. ओट्यावर जुन्या लुगड्यांचा ढीग होता, त्याला साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता.

"टीव्हीत रडती तसं रडून दाखव की," एकजण म्हणाली.

"त्याला ग्लिसरीन लागतं," असं सांगून मी सुटका करून घ्यायला बघितलं. तर शाहीनआपा जल्दी आत जाऊन बाटलीच घेऊन आल्या.

"घे. टाचेच्या भेगांसाठी आणल्तं. चालतंय ना?"

आता काय करणार? मी बाटली हातात घेतली, सवयीनं मान उचलली, गाल उजेडाकडे वळवला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघू लागले. शूटिंगला कॅमेरा नेहमी असाच समोर असायचा.

"तिकडं काय बघून राह्यली?" आपा म्हणाल्या. "आम्ही तर इकडं बसलोत!"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. तेव्हा ती नुसती गंमत वाटली.

परत का गेली नाहीस, असं लोक अजून विचारतात. त्यांना काय सांगू? इतकी वर्षं मी भिंतीकडे बघून रडत होते, आणि बाया इकडं बसलेल्या होत्या.