सहन करण्याचा ठराव

"साहेब, फक्त एक ओळ वाढवायची आहे," नाना म्हणाले. "बाकी आमची सोसायटी एकदम मोकळ्या विचारांची."

जळगावातल्या एका चोवीस फ्लॅटच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. ऑफिस म्हणजे पार्किंगमधली, पाण्याच्या मोटरशेजारची खोली. नाना सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक. शेठजी चेअरमन, त्यांची डाळमिल. मी सहकार खात्यातून निवृत्त झालेला. सोसायट्यांची कागदपत्रं लावून देतो. नानांना ओळ वाढवायची होती ती उपविधींत. उपविधी म्हणजे सोसायटीचा स्वतःचा कायदा. तो बदलायला सभेत दोन तृतीयांश मतं लागतात, वर निबंधकाची मंजुरी.

प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुम सिस्टरांचा होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त, विधवा, वय बासष्ट. मूळच्या पारोळ्याच्या. फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या नावावर. दर शनिवारी धुळ्याहून एक आबा एसटीने यायचे आणि सोमवारी सकाळी परत जायचे. आबा विधुर. दोघं लग्न करत नव्हती आणि काही लपवतही नव्हती.

"लपवलं असतं तर आम्ही चालवून घेतलं असतं," नाना म्हणाले. "आम्ही काही मागासलेले नाही."

कमिटीने आधी वॉचमनला रजिस्टर दिलं होतं. आबांकडून दर वेळी नाव, गाव आणि 'भेटीचे कारण' लिहून घ्यायचं. आबांनी शांतपणे लिहिलं होतं, 'कुसुम'. पुढच्या शनिवारी पुन्हा 'कुसुम'. रजिस्टर भरत चाललं होतं आणि उपयोग शून्य. म्हणून मला बोलावलं.

मी पहिला मसुदा केला: नात्याबाहेरच्या व्यक्तीने फ्लॅटमध्ये मुक्काम करू नये.

नानांनी मान डोलावली, मग थांबले. त्यांच्या मागच्या खोलीत क्लासची दोन पोरं पेइंग गेस्ट होती. "विद्यार्थी वगळा," ते म्हणाले.

विद्यार्थी वगळले. शेठजी म्हणाले, "आमचा महाराज?" महाराज म्हणजे त्यांचा स्वयंपाकी, राजस्थानचा. वीस वर्षं त्यांच्याच घरात राहतो. नोकर वगळले. मग पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा केअरटेकर आठवला. तोही वगळला. शेवटी नियम असा उरला की साठीच्या वरच्या स्त्रीकडे साठीच्या वरच्या पुरुषाने राहू नये.

"म्हणजे तरुणांना परवानगी?" मी विचारलं.

शेठजींनी तो कागद स्वतःच्या हाताने फाडला.

निघताना सिस्टर जिन्यापाशी भेटल्या. हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "साहेब, नियम झाला तर मी कोर्टात जाईन. पण आबा मग इथे नाही येणार. त्यांना आपल्यामुळे माझा कुणाशी वाद नको असतो. चाळीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली. हे पहिलं घर माझं. आता ह्या घरात कोण चहा प्यायला बसेल, हे सभा ठरवणार का?"

 घरी आल्यावर मला एक युक्ती सुचली, आणि कबूल करतो, मला तिचा फार अभिमान वाटला. मनाईचा नियम टिकत नाही ना? मग उलटा ठराव करायचा! ठराव म्हणजे सभेचा लिहून ठेवलेला निर्णय. मी लिहिलं: 'श्रीमती कुसुम यांच्या वैयक्तिक राहणीमानाबाबत ही सभा सहिष्णुतेचे धोरण स्वीकारत असून, सोसायटी सदर बाब उदार मनाने सहन करीत आहे.'

कमिटी खूश झाली. नानांनी 'उदार'च्या आधी 'अत्यंत' घातलं. शेठजी म्हणाले, "पेपरात द्यायला पाहिजे."

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. मीच ठराव वाचला. टाळ्यासुद्धा पडल्या. सिस्टर मागच्या रांगेतून उठल्या.

"नाना, एक विचारू? सहन करायला मी काय दुखणं आहे का?"

नाना हसले. "सिस्टर, तुमच्या बाजूचाच ठराव आहे."

"बाजूचा कसा? आज सहन करताय, उद्या दुसरी कमिटी म्हणेल आता सहन होत नाही. मग मी काय करू? तुम्ही परवानगी दिलीत म्हणजे ती काढून घ्यायचा हक्कही ठेवलात. मी परवानगी मागितली होती का?"

शेठजी म्हणाले, "पण सोसायटीचा मोठेपणा तर बघा!"

"मोठेपणा तुमच्याकडे ठेवा. माझं नाव त्या ठरावाच्या वहीतून काढा."

 नाना घाम पुसत म्हणाले, "पण सिस्टर, लोक काय म्हणतील?"

ह्यावर पहिल्या रांगेतून नानांच्याच आई बोलल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. वय नव्वदीच्या आसपास, आयुष्य खेड्यात गेलेलं, बोली पक्की अहिराणी. "कोन लोके रे?" त्यांनी वळून विचारलं. "बठ्ठा लोके तर आठेच शेतस!"

सगळे लोक तर इथेच आहेत. खरंच होतं. चोवीस फ्लॅटचे लोक एकमेकांकडे बघू लागले. आपल्यातला 'काय म्हणतील' म्हणणारा नेमका कोण, हे कुणाला सांगता येईना. मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, कुणी पाण्याच्या टँकरचा विषय काढला. शेठजींनी ठराव मागे घेतल्याचं जाहीर केलं, चेहरा मात्र दान परत आल्यासारखा.

मी इतिवृत्त लिहिलं. इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद. 'विषय चार: चर्चा झाली. काहीही करायचे ठरले नाही.' नानांनी आग्रहाने पुढे 'सर्वानुमते' लिहायला लावलं. आबांकडून कारण लिहून घेणंही वॉचमनने आपणहून बंद केलं, कारण पुढच्या शनिवारी कारण विचारायला त्याला कुणी सांगितलं नाही.

चौतीस वर्षं सहकार खात्यात काढली, शेकडो ठराव तपासले, कित्येक स्वतः लिहिले. माणसाला मोकळं ठेवण्याचा ठराव मात्र लिहिता येत नाही, हे मला एका निवृत्त नर्सने शिकवलं. त्या कामासाठी फक्त पेन खाली ठेवावं लागतं, आणि आमच्या धंद्यात तेच सगळ्यांत अवघड जातं.