आन्सेल्म कधी लिहून घेत नाहीत

फ्रान्समधल्या लिआँ शहरात, आमच्या टेकडीवर, चौकातल्या ब्रासरीत, म्हणजे खाणावळीत, जेवलेला आणि तिथले वेटर आन्सेल्म बुर्जाद यांची बोलणी न खाल्लेला माणूस सापडणं कठीण. काळं जाकीट, घोट्यापर्यंत पोचणारा पांढरा एप्रन, आणि चेहऱ्यावर कायम एकच भाव: आलात ते बरं केलंत, आता काय खाणार ते लवकर ठरवा. आर्देशच्या डोंगरातून पोरवयात ते इथे ग्लास विसळायला आले. मग ताटं उचलायला लागले, आणि जुन्या मालकांनी एक दिवस मोठं दालन त्यांच्या हाती दिलं ते दिलंच.

माणसं कितीही असोत, ते लिहून घेत नाहीत. घड्याळाकडे पाठ असलेल्या खुर्चीपासून सुरू करायचं आणि टेबलाला वळसा घालायचा. माणूस नाही, खुर्ची लक्षात ठेवायची. ताटं आणून 'हे कुणाचं?' असं विचारणाऱ्या वेटरला ते वेटरच मानत नाहीत. "ही काय मंडई आहे, ओरडून माल विकायला?"

गेल्या शरदात त्यांच्या डोक्यातली एक बारीक नस अडली. गेलेला हात परत आला, गेलेलं बोलणं परत आलं. पण त्यांची बायको पेरीन, आमच्याच इमारतीत राहते, ती मला एकदा भाजी घेताना म्हणाली, "गोष्टी येतात गं त्याच्याकडे परत. पण उशिरा येतात. आणि काही येतच नाहीत. आणि न आलेल्या कुठल्या, ते त्याला तरी कसं कळणार?"

जुन्या मालकांची मुलगी सेवरिन आता गल्ल्यावर बसते. लहानपणी आन्सेल्मच्या एप्रनला धरून चालायला शिकलेली. तिने स्पष्टच सांगितलं: शनिवारी गायनवृंदाचं जेवण आहे. ते टेबल नीट पार पडलं तर दालन तुमचं. नाहीतर सोमवारपासून काउंटरमागे कॉफी. काउंटरमागे कॉफी काढणं हे वाईट काम नव्हे, पण आन्सेल्मना कुणी सांगितलं असतं की उद्यापासून तुम्ही झोपून राहा, तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

त्या गायनवृंदात पेरीन आहे, मीही आहे. घरून निघताना आन्सेल्मनी तिला बजावलं होतं, "आज तू माझी बायको नाहीस. गिऱ्हाईक आहेस. मान हलवायची नाही, डोळा मारायचा नाही."

"आणि जेवायचं तरी?"

"जेव. पण शांतपणे."

आम्ही बसलो. आन्सेल्म आले, हात पाठीमागे. कुणी स्टेक, कुणी माशाचं केनेल, कुणी आतड्यांचं सॉसेज, त्यात एकीला बटाटे नकोत, एकाला मांस लालच हवं, एकाचं तीनदा बदललं. "मस्यू, देवाने सात दिवसांत जग केलं," आन्सेल्म म्हणाले, "त्यातला एक दिवस सुट्टीचा. तुमचं ठरू द्या." सगळे हसले. पेरीनने पाव कुस्करून त्याचा चुरा केला होता. तिची नजर गल्ल्याकडे, सेवरिनकडे.

एवढ्यात आमचा वरच्या पट्टीतला गायक गास्पार धापा टाकत आला. आन्सेल्मनी त्याचा कोट घेतला आणि तो टांगता टांगताच विचारलं, "आपल्याला?" पेरीन आणि मी कोट टांगायच्या कोनाड्याशेजारीच बसलो होतो, आम्हाला ऐकू आलं. गास्पार म्हणाला, "मूत्रपिंडं, मोहरीच्या रश्श्यातली." आन्सेल्मनी मान डोलावली आणि ते स्वयंपाकघरात गेले.

रिकामी खुर्ची नेमकी गास्पारच्या बायकोशेजारी होती. आमच्या अध्यक्षीणबाई मादाम क्लोतिल्द यांना ते कसं चालावं? "नवराबायको शेजारी शेजारी? मग घरीच जेवायचं होतं की! उठा. तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे." एकदा हात घातल्यावर त्यांना आणखी चुका दिसायला लागल्या. दोन खर्जवाले एकत्र नकोत, दोन बहिणी एकत्र नकोत. अर्धं टेबल ग्लास आणि नॅपकिन घेऊन इकडून तिकडे झालं.

पेरीन पांढरीफटक पडली. "क्लोतिल्द, राहू दे ना. बसलेत ते बरे बसलेत."

"अगं, तुला काय होतंय? तुझा नवरा तर उभाच आहे!"

पुन्हा हशा. पेरीनने माझा हात टेबलाखाली इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. उठून आत जाऊन सांगावं तर सेवरिनच्या समोरून जावं लागणार. आणि नवऱ्याला तिने शब्द दिला होता.

आन्सेल्म बाहेर आले, डाव्या हातावर तीन ताटं. पहिलं ठेवलं, बरोबर. दुसरं ठेवलं. सॉसेज पडलं मांस न खाणाऱ्या शिक्षिकेपुढे. चांगली बाई ती. तिने हळूच ते ताट शेजारी सरकवलं. पलीकडच्याने आपलं इकडे सरकवलं. आम्ही सगळे एकदम दुसऱ्याच विषयावर मोठ्याने बोलायला लागलो.

त्या सरकणाऱ्या ताटांकडे आन्सेल्म पाहत राहिले. कानापर्यंत लाल झाले. क्षणभर मला वाटलं, आता हे हातातलं ताट खाली ठेवणार आणि एप्रन सोडणार. मग त्यांनी एकेक चेहरा पाहायला सुरुवात केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि त्यांचा आवाज चढला.

"कोण उठलं होतं?"

सगळ्यांच्या नजरा मादाम क्लोतिल्दकडे वळल्या.

"मंडळी, ज्याने जिथे बसून मागवलं, त्याने तिथे बसून खायचं. उठा!"

"अहो आन्सेल्म," मादाम क्लोतिल्द म्हणाल्या, "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत?"

"शाळेतली पोरं आपापल्या बाकावर बसतात, मादाम."

आम्ही उठलो. ग्लास, नॅपकिन, पावाचे तुकडे घेऊन, एकमेकांच्या पायांवर पाय देत परत. सेवरिन गल्ल्यामागून बाहेर येऊन खांबापाशी उभी राहिली. कुणी हसलं नाही. ताटं येत गेली आणि एकेक आपल्या जागी बसत गेलं. बिनबटाट्याचं, लाल मांसाचं, तीनदा बदललेलंसुद्धा. पेरीनच्या हाताची पकड सैल झाली.

शेवटचं ताट ठेवून आन्सेल्म मागे सरले. गास्पारपुढे काहीच नव्हतं.

सगळ्यांना दिसलं. आन्सेल्मनाही दिसलं. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. ते आठवायचा प्रयत्न करत नव्हते, आठवण्याजोगं काही होतं का, हेच चाचपत होते.

"मी मागवलंच नाही काही," गास्पार घाईने म्हणाला. "उशीर झाला ना. शेवटी गोड खाईन."

बिचाऱ्याने चांगल्या मनाने म्हटलं. सेवरिन खांबापाशीच होती. एवढ्यावर सगळं सुटलं असतं. पण आन्सेल्मनी पेरीनकडे पाहिलं. त्या रात्री पहिल्यांदाच, नवऱ्याने बायकोकडे पाहावं तसं.

पेरीनने दीर्घ श्वास घेतला. "मागवलं होतं," ती म्हणाली. "मूत्रपिंडं. मोहरीच्या रश्श्यात. कोट टांगताना."

मादाम क्लोतिल्दनी "पेरीन!" असं म्हणून कपाळाला हात लावला. आन्सेल्मनी मात्र मान तुकवली, एखाद्या गिऱ्हाइकाला तुकवावी तशी, आणि ते सरळ सेवरिनपाशी गेले.

"मालकीणबाई, एक राहिलं. हरवलंच. कुणी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"बसलेल्यांचं?"

"बसलेल्यांचं सगळं आहे. उभ्याउभ्या घेतलेलं गेलं."

सेवरिनने एकदा टेबलाकडे पाहिलं. सगळे आपापल्या खुर्चीला खिळल्यासारखे, कुणी काट्यालाही हात लावलेला नाही. "मग उभ्या माणसाची ऑर्डर घ्यायची नाही," ती म्हणाली. "उशिरा येणाऱ्यांना दुसरा वेटर बघेल. दालन तुमचं. आणि दर महिन्याला डॉक्टर, ते मी विचारणार."

"तुझे वडील असं काही विचारत नसत."

"त्यांना तुम्ही घाबरवून ठेवलं होतं. मूत्रपिंडं सांगा आत."

आन्सेल्मनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आवाज दिला. मग ते आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे. त्यांची बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली मागच्या आरशात मला दिसत होती.

"गार होतंय," ते म्हणाले. "जेवा."

पेरीनने काटा उचलला. गास्पार अर्धवट उठला, जरा पोक काढून. "आन्सेल्म... मला हात धुवायला जायचं होतं. जाऊ का?"

"जा," आन्सेल्म म्हणाले. "पण याच खुर्चीत परत या."