देवकाबाईंचा न लिहिलेला सवाल

देवकाबाई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला. ‘सकाळी चहा पिता पिता पडल्या जी... दवाखान्यात नेईपर्यंत...’ दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला मला बसवत नव्हतं, आणि त्याचं कारण केवळ दुःख नाही.

आमगावजवळच्या एका गावात त्या आशाताई होत्या. मी एका आरोग्य प्रकल्पात समन्वयक. गेल्या वर्षी आम्ही छातीचा एक्स-रे वाचणारं एआय यंत्र त्यांच्या गावात नेलं. राईस मिलमध्ये काम करणाऱ्या रतीरामला यंत्राने ‘निर्दोष’ ठरवलं. देवकाबाई अडून बसल्या. ‘महिनाभरापासून खोकलून राहिला हा. मशीनले दिसत नसन, मले दिसते.’ त्यांनी त्याची थुंकी तपासायला लावली. क्षय निघाला.

पुढे यंत्राच्या वापराचे नियम ठरवायला गोंदियात बैठक भरली. पत्रिकेवर ‘सर्व संबंधितांचा सहभाग’ छापलं होतं, म्हणून गावाकडचं कुणीतरी हवं होतं. मी देवकाबाईंना नेलं. डॉक्टर, कंपनीची माणसं, सगळी चर्चा हिंदी-इंग्रजीत. दुपारपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नाही. शेवटी त्याच उठल्या. ‘मशीन किती बरोबर हाय तेच सांगून राहिले तुमी. चुकली त लोक कोनाच्या दारात येतीन? माझ्याच ना? मंग रतीरामले, मले न इचारता नियम कायले बनवता?’ कुणी हसलं नाही, चिडलंही नाही. अध्यक्ष ‘बहुत अच्छा पॉइंट’ म्हणाले आणि जेवणाची सुट्टी झाली.

इतिवृत्त मी लिहिलं. ठरलेल्या नमुन्यात प्रश्नांना रकानाच नव्हता. मी लिहिलं, ‘आशा प्रतिनिधींनी सहमती दर्शवली.’ आठवड्याने त्यांनी विचारलं, ‘माझा सवाल लिहला ना जी?’ मी ‘हो’ म्हटलं... किती सहज म्हटलं!

तेरवीला रतीराम भेटला. आता बरा झालेला. ‘बाई सांगे, गोंदियाले आमचा सवाल लिहून घेतला म्हने. काय ठरलं मंग?’

‘काहीच नाही. मी लिहिलाच नव्हता.’

‘बाईले माहीत होतं?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला आणि पंगत सोडून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मी दुरुस्तीचं पत्र दिलं. इतिवृत्त मंजूर झालेलं आहे, असं उत्तर आलं. पुढच्या बैठकीला रतीरामला बोलवा, असं पुन्हा लिहिलं आहे. त्याला अजून उत्तर नाही.

परवा देवकाबाईंच्या घरी गेले. पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, भिंतीला लागून त्यांची बाज आहे. रिपोर्ट घेऊन आलेल्याला त्या आधी त्या बाजेवर बसवत. ‘कागद राहू दे, तू सांग,’ म्हणत. परवाही तिथे शेजारची एक म्हातारी एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती. गावाला नवीन आशाताई अजून मिळालेली नाही, हे तिलाही माहीत होतं.

‘मग इथे कशाला बसलात, आजी?’

‘बसाची सवय हाय बापा.’

मी पिशवीला हात न लावता तिच्या शेजारी बसले.