तिसरी लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून लहानपणी आभाळ गडगडलं की मला घरात कोंडायचे, आणि आभाळ निवळलं की त्याच घराच्या ओट्यावर लोक कंबर धरून यायचे. कुणाला पोतं उचलताना उसण भरलेली, कुणाची निंदताना कंबर धरलेली. त्यांनी पालथं पडायचं, मी डाव्या पायानं दुखऱ्या जागी तीन हलक्या लाथा मारायच्या आणि त्यांनी मागे न बघता निघून जायचं. बऱ्याच जणांना बरं वाटायचं. उसण दोन-चार दिवसांत आपोआपही उतरते, हे मला फार उशिरा कळलं. लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही, पण पायाळू आहे म्हटल्यावर लगेच होकार दिला.

उंद्रीच्या या सासरच्या घरात माझी धाकटी जाऊ बाळंतपणाहून परत आली ती चौथ्या महिन्यात. माहेरी सव्वा महिना पोट बांधून झालं होतं, तेल-पाणी झालं होतं, तरी कमरेखाली उजवीकडे, पाठीवरच्या खळीपाशी दुखतं म्हणायची. कूस बदलताना ओरडायची. सलवार घालताना भिंत धरायची. बसल्या जागी मात्र ठीक असायची, शेजारणीशी हसून बोलायची, आणि तेच माझ्या डोळ्यांत खुपायचं. सोयाबीन काढणीचे दिवस होते. मजुरांच्या भाकरी, गोठा, दोन्ही घरधन्यांचे डबे, शिवाय तिच्या बाळाला न्हाऊ घालणं, सगळं माझ्यावर आलेलं. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यात मी शेतात होते. त्यामुळे मी ठरवूनच टाकलं होतं की ही सोंग करते.

एका सकाळी तिला म्हटलं, "दुखते तं पडून राय, नाईतं ते बादली उचल. दोन्ही डगरींवर पाय नको ठेवू."

तिनं बादली उचलली. चार पावलांवर ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. चेहरा पांढरा पडला होता. सासूबाईंनी ते पाहिलं.

"घरात पायाळू असून पोरगी लंगडून राह्यली," त्या मला म्हणाल्या. "लोकं हासतीन. मार ना वं तिले तीन लाथा."

माझे मालक आणि दीर दोघंही शेतात गेलेले. जाऊ गोधडीवर पालथी झाली. पहिल्या दोन मी नेहमीसारख्या मारल्या, टेकवल्याच म्हणा. तेवढ्यात ती मान वळवून म्हणाली, "हळू ताई. तुमाले खरं वाटत नाई, ठाऊक हाय मले."

खरं बोललं की माणसाला झोंबतं. तिसरी लाथ मी रागानं मारली. हे आज सरळ लिहिते, त्या वेळी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

ती ओरडली नाही. गोधडीचा कोपरा तोंडात धरला आणि तशीच पडून राहिली. "उसण निघते तवा अशीच कळ येते," सासूबाई म्हणाल्या. पण दुपार झाली तरी तिला उभं राहता येईना. उजवा पाय टेकला की गुडघ्यातून वाकायची. बाळ रडायला लागलं तर त्याला पाजायला बसताही येईना. मी ते तिच्या कुशीत आडवं ठेवलं. मणका मोडला असेल तर? चार महिन्यांचं लेकरू आणि आई कायमची अंथरुणात, ती माझ्या पायानं. मी भाकरी टाकायला गेले आणि पीठ तसंच ठेवून परत आले.

दीर शेतातून आले. सासूबाईंनी त्यांना लाथांचं सांगितलं नाही, कंबर जास्त दुखते एवढंच सांगितलं. त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागून आणली. खामगावपर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक गतिरोधकाला ती माझं मनगट आवळायची. दीर पुढे गाडी चालवत होते, दुसरं धरायला तिथं कोणी नव्हतं.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पायाची ताकद आणि बधिरपणा तपासला. मोडलं काही नव्हतं. त्यांनी बाजूच्याच खोलीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. मी देवाचं नाव घेतलं, पण ते अर्धंच. कारण त्या बाईंनी जावेला उताणं झोपवून "उजवा पाय सरळ ठेवून उचला" म्हटलं, आणि पाय वीतभरही उठला नाही. तिच्या कपाळावर घाम आला. दीर भिंतीकडे बघत राहिले.

"तुम्ही या इकडे," बाई मला म्हणाल्या. "कमरेची दोन्ही हाडं दोन्ही बाजूंनी धरा आणि आत दाबा. घट्ट."

मी दाबलं. "आता उचला." पाय उठला. हळूहळू, पण चांगला हातभर वर गेला. जाऊ स्वतःच्याच पायाकडे बघत राहिली.

बाईंनी समजावलं ते असं. कण्याचं शेवटचं टोक आणि कमरेची हाडं जिथे जुळतात, तो सांधा दुखावलाय. बाळंतपणात तो सैल होतो. त्याला आवळून धरायचं काम पोटाच्या आतल्या आणि पाठीच्या स्नायूंचं, पण तिचे ते स्नायू कामच करत नव्हते. भरल्या गाडीचा दोर सुटल्यावर कडबा हलतो, तसं प्रत्येक पावलाला हलत होतं. आता माझे हात त्या दोराचं काम करत होते. सोंग नव्हतं ते.

मग त्यांनी विचारलं, "मधे कुणी तुडवलं, दाबलं, असं काही केलं का? सांधा एकदम चिडलाय."

माझे हात अजून तिच्या कमरेवरच होते. दिरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई," जाऊ म्हणाली. "न्हानीत घसरली मी."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला लाथेपेक्षा जास्त वाटते.

बाईंनी व्यायाम मलाच शिकवला. तिनं गुडघे वाकवून उताणं झोपायचं, श्वास सोडत ओटीपोट हळूच आत घ्यायचं आणि दहापर्यंत धरायचं. मी कमरेच्या हाडांच्या जरा आतल्या अंगाला बोटं टेकवायची आणि आतून ताण येतोय का ते सांगायचं. पोट फुगलं तर चूक. रोज दोनदा. पहिले आठ दिवस माझ्या बोटांखाली काहीच हललं नाही. ती छताकडे बघायची, मी आकडे मोजायची, दुसरा शब्द नाही. "पोट आत घेऊन कंबर बरी होते होय?" सासूबाई दारातून म्हणायच्या. मलाही तीच भीती होती. पंधराव्या-सोळाव्या दिवशी बोटांखाली काहीतरी किंचित ताठलं. मी "हाव!" म्हणून केवढ्यानं ओरडले! तिनं मान वळवली नाही.

दीड महिन्यानं तिनं पाय एकटीनं उचलला. माझे हात न लावता, वर, आणि तसाच सावकाश खाली. मला रडू आलं, आणि त्या रडण्यातच तोंडातून निघालं.

"ते तिसरी लाथ मी रागानं मारली होती."

"ठाऊक हाय."

"मंग त्या बाईपाशी खोटं काऊन बोलली?"

ती छताकडेच बघत होती. "खरं सांगतलं असतं तं तुमच्या दिरायनं तुमाले माह्या आंगाले हात लावू देला नसता. मंग रोज दोनदा इथं कोन बसलं असतं? म्हातारी?"

मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं. तिनं तसं काही म्हटलं नाही. गुडघे पुन्हा वाकवले, श्वास सोडला.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजायला लागले. पाचाच्या पुढे माझा आवाज निघेना, तेव्हा बाकीचे आकडे तिनंच मोजले.