कन्हेरीपर्यंत पोचलेला बेस

माझे दाजी बेस वाजवतात म्हटलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे गिटार का?" मग माझं डोकं सटकतं. गिटार नव्हे हो, बेस! चार जाड तारांचा. त्याचा आवाज कानात कमी आणि पोटात जास्त जातो. इंदापुरात माझं शिवणकामाचं दुकान आहे, तिथं येणाऱ्या प्रत्येक बाईला मी ब्लाउजचं माप घेता घेता हे समजावून सांगितलंय. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून नव्हे. त्यांच्यासारखं वाजवणारा आख्ख्या दोन तालुक्यांत दुसरा नाही, म्हणून सांगते.

दाजींचं बारामतीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्यात तांब्याची नवी तार भरून द्यायची, हा धंदा. तार ओढून ओढून उजवा अंगठा दगडासारखा झालाय. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून तो बेस आणला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक कॅसेट निघाली. वर ना चिठ्ठी, ना नाव. आत परदेशी फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत. कुणीतरी बाप माणूस अंगठ्यानं तारेवर फटके मारत होता, आणि मधेच असा गप्प होत होता की ऐकणाऱ्याच्या पायानंच पुढचा ठोका द्यावा. दाजी येडे झाले. कोण तो, कुठला, जिवंत आहे की गेला, आजवर कळलेलं नाही. माझ्या मुलीनं मोबाईलवरच्या गाणं ओळखणाऱ्या ॲपला ते ऐकवून बघितलं, पण कॅसेट इतकी घासलीय की मोबाईलनंही हात टेकले. दाजी त्याला "आमचे गुरुजी" म्हणतात. दाजी वाजवतात त्या इंदापूरच्या ऑर्केस्ट्रात भीमगीत असो नाहीतर हळदीचं गाणं, ढोलकीच्या जोडीला दाजींनी गुरुजींचा तो फटका आणि ते गप्प बसणं घालून दिलं. त्यांना बघून आता आमच्या भागातले दोघं-तिघं तसंच अंगठ्यानं वाजवायला लागलेत.

यंदा भीमजयंतीच्या आधी ऑर्केस्ट्राच्या मालकानं नवा कीबोर्ड घेतला. त्यात म्हणे बेस बटणावर येतो. दाजींना म्हणाला, "तात्या, तुमी आता आराम करा. बेस कुणाला ऐकू येतोय? लोकं गाण्याला येत्यात."

मी तिथं असते तर तो कीबोर्ड कालव्यात भिरकावला असता. दाजी भांडलेसुद्धा नाहीत. मी तेव्हा बहिणीकडे आले होते; घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "खरं हाय त्याचं. इतकी वर्सं वाजवलं, पर 'तात्या, बेस झकास झाला' असं एक माणूस म्हणलं न्हाय."

"आणि मी काय मेले होते?"

"तू घरची. घरच्यांचं धरत न्हाईत."

असा राग आला मला! पण त्यांनी अकलूजच्या एका बँडवाल्याला बेस देऊन टाकायचं ठरवलं होतं. सोमवारी दुपारी तो न्यायला येणार होता.

रविवारी संध्याकाळी बारामतीत त्याच ऑर्केस्ट्राचा जयंतीचा कार्यक्रम झाला. दाजी घरी बसले, मी मात्र मुद्दाम गेले. खोटं कशाला बोलू, कुणाचं काही अडलं नाही. लोक नाचले, वन्स मोअर झाले. माझ्याच पोटात काही पोचत नव्हतं. बहिणीच्या घरी येऊन मी दाजींना सांगितलं, कार्यक्रम साफ पडला. ते हसले. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी बहिणीनं दिलेला डबा घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. बेस पिशवीत घालून, चेन लावून, फळीवर ठेवलेला होता. तेवढ्यात एक म्हातारे आबा टेम्पोतून मोटर घेऊन उतरले. बारामतीजवळच्या कन्हेरी गावचे. या दुकानात पहिल्यांदाच आले होते. दाजी मोटर खोलायला बसले, मी आबांना पाणी दिलं.

"काल जयंतीला गेला हुतात का, बाई?" आबांनी विचारलं.

"व्हय. तुमी?"

"आमी कुठं जातोय एवढ्या लांब. उसात वस्ती हाय आमची. वारं हिकडनं असलं की घरी बसूनच ऐकतो. गाणं न्हाय पोचत तितं, शबूद न्हाय. निस्ता त्यो खालचा आवाज येतो, धम्म धम्म. दरसाली आमी समदी बाजंवर बसून त्येच ऐकतो. त्यो बाबा फटका मारून मधीच गप बसतो न्हवं का, तितं आमची म्हातारी बरूबर मान हालवती. पर काल त्यो न्हवता. दुसरंच कायतरी बडवत हुतं. म्हातारी सकाळधरनं लागलीय पाठी, शहरात जातायसा तर इचारून या, त्यो माणूस गेला का काय?"

दाजींनी पाना खाली ठेवला. मला कसला धीर! मी ओरडलेच, "अहो आबा, गेला न्हाय! तुमची मोटर खोलतोय की त्यो!"

आबांचा विश्वास बसेना. दाजी उठले, हात पुसले, फळीवरची पिशवी काढली. दुकानात ना ॲम्प, ना स्पीकर. नुसत्या तारेचा आवाज तो केवढासा? आबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी सरळ बेसच्या लाकडाला कान लावला. दाजींनी अंगठा मारला. मारला, आणि गप्प बसले. आबांची मान हलली.

"व्हय," ते म्हणाले. "ह्योच."

दाजींचे डोळे भरून आले. माझे तर कधीचेच वाहत होते. अकलूजवाल्याला मी तिथूनच फोन केला, येऊ नका म्हणून. मग मालकाला लावला आणि फोन आबांच्या हातात दिला. आबांनी त्याची जी हजेरी घेतली! पलीकडून "व्हय आबा, चुकलं आबा" एवढंच ऐकू येत होतं.

मोटर टेम्पोत चढवल्यावर आबा परत दुकानाच्या पायरीपाशी आले.

"तात्या, पुढल्या साली जरा जोरात वाजवा," ते म्हणाले. "म्हातारीला आता कमी ऐकू येतंय."